मुजोरी, दादागिरी वगैरे

'मुजोर' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांचा भारी लाडका. मुजोर रिक्षावाले, मुजोर फेरीवाले, मुजोर टँकरवाले, मुजोर ठेकेदार, मुजोर अधिकारी. गेले काही वीकांत मी एक छंदच लावून घेतलाय. पेपरात हा शब्द दिसला की तो कोणाला चिकटवलाय ते बघायचं. काही आठवड्यांत लक्षात आलं की 'मुजोर प्रवासी' जवळजवळ कधीच भेटत नाही. 'मुजोर गिऱ्हाईक' नाही, 'मुजोर फ्लॅटमालक' तर नाहीच नाही. रिक्षावाल्याने भाडं नाकारलं तर तो मुजोर, आणि प्रवाशाने रिक्षावाल्याची गचांडी धरली तर तो 'संतप्त'.

तुम्ही म्हणाल, अधिकारी तर वरचा माणूस, त्याला कसं मुजोर म्हणतात? पण त्यालाही आपण 'जनतेचा नोकर' या हिशोबातच मुजोर म्हणतो. म्हणजे ज्याने आपली सेवा करायची, त्याने ती न करता तोंड वर केलं की तो मुजोर. या शब्दात वागणुकीचं वर्णन आहेच, पण त्याहून जास्त आहे ती उतरंड. कोण वर, कोण खाली, हे आधीच ठरलेलं आहे.

आता हा शब्द येतो कुठून बघा. हिंदीतल्या 'मुँहजोर'चं हे मराठी रूप. मुँह म्हणजे तोंड, आणि जोर फारसीतला. तोंडाळ माणसाला मुँहजोर म्हणतातच, पण हा शब्द घोड्यालाही लावतात. ज्याच्या तोंडात लगाम घातला तरी जो दाद देत नाही, तो मुँहजोर घोडा. म्हणजे शेअर रिक्षावाल्याला आपण मुजोर म्हणतो तेव्हा आपण नकळत खोगिरावर बसलेले असतो. :)

हे लक्षात आल्यावर मला चैन पडेना. सॉफ्टवेअरवाल्याची खोड असते, एक बग सापडला की तसलाच दुसरा कुठे आहे का ते शोधायचं. म्हणून मग मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांतले उद्धटपणाचे आणि दांडगाईचे शब्द घेऊन बसलो. आणि जे दिसलं ते असं की न ऐकणाऱ्यासाठीचे बरेचसे शब्द तबेल्यातून आणि गोठ्यातून आलेत, तर दडपणाऱ्यासाठीचे शब्द चक्क घरातून, अगदी मायेच्या नात्यांतून आलेत. सगळेच नाहीत, पण योगायोग म्हणून सोडून द्यावेत इतके थोडेही नाहीत.

आधी गोठा बघू.

बेलगाम म्हणजे लगाम नसलेला. अडेलतट्टू म्हणजे जागचं न हलणारं तट्टू. मोकाट, नाठाळ, उधळलेला, सगळी गुरंढोरं. 'मस्तवाल' मधला मस्त म्हणजे फारसीत नशेत असलेला. हत्ती मस्तीला येतो तोच हा शब्द, आणि इंग्रजीने तो आपल्याकडूनच 'मस्थ' म्हणून उचललाय. 'माज' तर काय, गाय माजावर येते तोच माज. कोणी फार शेफारला की 'त्याला शिंगं फुटली' म्हणतो, आणि मग 'वेसण घालायला हवी' म्हणतो. वेसण म्हणजे बैलाच्या नाकातून ओवलेली दोरी. चांगला एमबीए झालेला माणूससुद्धा 'त्या टीमला जरा वेसण घाला' असं सहज बोलून जातो. डोळ्यांसमोर आणून बघा एकदा, काय बोललो आपण.

इंग्रजीतही तेच. 'रिकॅल्सिट्रंट' हा भारदस्त शब्द कायदेशीर नोटिशीत वगैरे भेटतो. त्यात लॅटिन 'काल्क्स' म्हणजे टाच लपलेली आहे. टाचेने उलट लाथ मारणारा, म्हणजे घोडा किंवा खेचर. 'रेस्टिव्ह' म्हणजे आज अस्वस्थ, पण मुळात पुढे जायला नकार देणारा घोडा. आपला अडेलतट्टूच तो. 'हेडस्ट्राँग' आणि आपला 'शिरजोर' तर जुळी भावंडं वाटावीत. फारसी सर म्हणजे डोकं, आणि जोर. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केल्यासारखं, पण कुणी कुणाचं केलेलं नाही. दोन्हीकडच्या स्वारांचा अनुभव सारखाच, एवढंच. 'मॅव्हरिक' हे टेक्सासच्या सॅम्युअल मॅव्हरिक नावाच्या माणसाचं आडनाव. त्याच्या गुरांवर मालकीचा डाग दिलेला नसे, म्हणून डाग नसलेलं वासरू ते मॅव्हरिक, आणि पुढे कळपात न राहणारा माणूस तो मॅव्हरिक.

आणि आता शेवटची गंमत. 'मॅनेज' हा शब्द! इंग्रजीत तो सोळाव्या शतकात आला इटालियनमधून. 'मानो' म्हणजे हात, आणि 'मानेज्जारे' म्हणजे हाताने हाताळणे, विशेषतः घोडा हाताळणे, त्याला वळण लावणे. म्हणजे मॅनेजर हा मुळात घोडे वळवणारा. आपण सगळे कोण ते तुम्हीच ठरवा.

आता घर.

'डॉमिनिअर', म्हणजे दुसऱ्यावर हुकमत गाजवणे. हा शब्द इंग्रजीत डच भाषेतून आला, पण मूळ लॅटिन 'डॉमिनस', म्हणजे घरधनी. आणि त्याच्या मुळाशी 'डोमुस', म्हणजे घर. 'डेस्पॉट' म्हणजे जुलमी राजा. ग्रीकमध्ये 'देस्पोतेस'चा अर्थ पुन्हा घराचा धनीच. आपल्याकडेही आजीच्या पिढीतल्या बायका नवऱ्याला 'मालक' किंवा 'धनी' म्हणायच्या, आणि त्यात कुणालाच वावगं वाटायचं नाही.

'बुली' तर याहून मजेशीर. आज शाळेत पोरांना छळणारा तो बुली. पण सोळाव्या शतकात बुली म्हणजे प्रियकर, प्रेयसी, लाडका जिवलग! बहुधा डच भाषेतल्या प्रियकरासाठीच्या शब्दावरून आलेला. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये बॉटम विणकराला त्याचे दोस्त कौतुकाने बुली म्हणतात. पुढच्या शंभर वर्षांत त्याच शब्दाचा अर्थ दुबळ्यांना दमदाटी करणारा असा झाला. लाडक्यापासून गुंडापर्यंत.

आपला 'दादा' याच वाटेने गेलाय की. दादा म्हणजे थोरला भाऊ. भाऊबीजेला ओवाळायचं तो दादा. त्याला फारसी 'गिरी' जोडली की दादागिरी. गल्लीतला दादा आधी 'आपला दादा' असतो, मग नुसता 'दादा' होतो, आणि मग वर्गणी मागायला येतो. 'भाई'चंही तेच. रायगडात, त्यातही जुन्या लोकांत, भाई म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा कार्यकर्ता. १९४७ साली निघालेल्या या पक्षात एकमेकांना भाई म्हणायची रीतच. तासाभराच्या अंतरावर मुंबईत मात्र भाई म्हटलं की खंडणीचा फोन आठवतो. एकच शब्द, एकाला कॉम्रेड करतो आणि दुसऱ्याला डॉन.

आणि 'साहेब'? अरबीत साहिब म्हणजे मुळात सोबती. प्रेषित मुहम्मदांच्या सोबत्यांना 'सहाबा' म्हणतात, तोच हा धातू. सोबती, मग बाळगणारा, मग मालक, मग तहसील कचेरीतले साहेब. सोबत्यासाठी आता आपल्याला उभं राहून दार उघडावं लागतं.

यातून मला एक गोष्ट कळली ती अशी. सत्तेला नुसतं बळ पुरत नाही, तिला नातंही लागतं. म्हणून ती घरातले शब्द उसने घेते. मायबाप सरकार काय, किंवा प्रत्येक कंपनीच्या इंडक्शनमध्ये ऐकू येणारं 'वी आर अ फॅमिली' काय, एकाच घराण्यातले. कुटुंब म्हटलं की घरधनी आलाच, आणि घरधन्याला उलट बोलायचं नसतं. पगारवाढ मागणारा कर्मचारी असतो. कुटुंबात पगारवाढ मागणारा कृतघ्न ठरतो.

हे सगळं कोशातच राहिलं असतं तर मी तुमचा वीकांत खाल्ला नसता. पण आमचा हा सगळा भाग, म्हणजे खालापूर आणि कर्जत, या शब्दांच्या उलथापालथीने भरलेला आहे.

खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागलं की चावणी नावाचं गाव आहे, तिथे उंबरखिंड. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाएस्ताखानाने पाठवलेला कारतलबखान घाट उतरून या खिंडीत आला, आणि शिवाजी महाराजांनी दोन्ही तोंडं बंद करून त्याला कोंडलं. खानाला शरण येऊन, खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली. त्याच्या फौजेत माहूरच्या देशमुखांच्या घराण्यातली सावित्रीबाई होती, जिला आपण 'रायबागन' म्हणून ओळखतो. रायबागन ही मोगल दरबाराची पदवी, अर्थ राजवाघीण. म्हणजे एका खिंडीत दोन शूर माणसं. जी मोगलांच्या बाजूने लढते ती वाघीण, आणि जो त्यांच्याविरुद्ध लढतो तो गनीम. गनीम म्हणजे शत्रू, लुटारू.

पण मजा पुढे आहे. आज 'गनिमी कावा' म्हटलं की मराठी माणसाची छाती फुगते. शाळेतल्या पोराला विचारा, तो अभिमानाने सांगेल. शत्रू-लुटारूसाठीचा शब्द आपण आपल्याच युद्धतंत्राचं बिरुद म्हणून मिरवतो. हे कधी होतं? जिंकल्यावर होतं. खिंडीत हरलो असतो तर गनीम हा शब्द शिवीच राहिला असता.

दुसरं उदाहरण माथेरानचं. माथेरान कर्जत तालुक्यात येतं. तिथे १ डिसेंबर १९१२ ला जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे आपले भाई कोतवाल. गरीब नाभिक कुटुंबातला मुलगा वकील झाला, माथेरानच्या नगरपालिकेत गेला, शेतकऱ्यांना सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून त्याने धान्यकोठी काढली, शाळा काढल्या. १९४२ च्या आंदोलनात भूमिगत होऊन आझाद दस्ता उभा केला. टाटांची जलविद्युत केंद्रं याच टापूत, खोपोलीचं १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. इथली वीज मुंबईला जायची. दस्त्याने विजेचे मनोरे पाडायला सुरुवात केली. सरकारच्या लेखी हा माणूस फरारी गुन्हेगार, डोक्यावर बक्षीस लावलेला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील तिथेच गेले. आता तेच फरारी 'हुतात्मा' झालेत, आणि दर २ जानेवारीला सिद्धगडावर त्यांना मानवंदना दिली जाते. (कोतवाल म्हणजे खरं तर शहराचा पोलीस अधिकारी. कोतवालालाच पोलिसांनी फरारी ठरवावं, हा भाषेने केलेला आणखी एक विनोद.)

तिसरं उदाहरण शेजारच्या पेण तालुक्यातलं. वरसईचे विष्णुभट गोडसे चार पैसे मिळवायला म्हणून उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धुमश्चक्रीत सापडले. त्यांचं 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली छापलं गेलं, आणि त्याच्या शीर्षकात शब्द आहे तो 'बंड'. दोनच वर्षांनी, १९०९ साली सावरकरांचं पुस्तक आलं, त्यात त्याच घटनेचं 'स्वातंत्र्यसमर' झालं होतं. इंग्रज त्याला 'म्युटिनी' म्हणायचे. या म्युटिनीचं मूळ लॅटिनमधल्या हलणे, हलवणे या धातूत आहे. 'मूव्हमेंट' म्हणजे चळवळ, तीही त्याच धातूतून आलेली. एकाच मुळाला दोन फांद्या. सरकारला जी म्युटिनी वाटते ती लोकांची मूव्हमेंट असते. आणि मराठीत तर चळवळीत 'चळ' आणि 'वळवळ' दोन्ही ऐकू येतात, ज्याला जे ऐकायचं ते त्याने ऐकावं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, बरं झालं, म्हणजे शेवटी न्याय होतोच. शब्द उलटतात, गनीम गौरवाचा होतो, फरारी हुतात्मा होतो. मला तसं वाटत नाही. कारण शब्द दुसऱ्या दिशेनेही उलटतात.

'वेठीस धरणे' घ्या. वेठ म्हणजे फुकट राबवून घेणं. गावच्या वतनदाराने, सावकाराने, सरकारी अंमलदाराने गरिबाला पकडायचं आणि बिनपैशाने ओझी वाहायला लावायची, शेत नांगरायला लावायचं. संस्कृत 'विष्टि'पासून आलेला हा शब्द, म्हणजे प्रथा किती जुनी ते बघा. वेठबिगारीविरुद्ध देशव्यापी कायदा व्हायला १९७६ साल उजाडलं. आज हा शब्द पेपरात कुठे दिसतो? 'संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरले.' 'परिचारिकांच्या संपामुळे रुग्ण वेठीस.' ज्यांच्या आज्या-पणज्या वेठीला राबल्या, त्यांच्या नातवंडांनी चार दिवस काम थांबवलं की वेठीला धरणारे तेच! शब्द राबणाऱ्याच्या दुःखातून आला आणि राबवणाऱ्याच्या हातात गेला. इतकी सफाईदार उलथापालथ मी दुसऱ्या कुठल्या शब्दात पाहिलेली नाही.

प्रवाशांचे हाल होत नाहीत असं मी म्हणत नाही. होतात, मीही स्टेशनवर तिष्ठत उभा राहिलोय. पण 'हाल' हा शब्द त्यासाठी पुरेसा आहे. वेठ हा शब्द लागतो तो संपकऱ्याला गुन्हेगार करण्यासाठी.

आणि ज्यांच्यासाठी तो शब्द खरा आहे त्यांचं काय? कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधली कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, आणि मग ती फिटेपर्यंत भट्टीवर राबायचं. मध्येच घरी निघालेल्या मजुराला मालक काय म्हणतो? 'पैसे खाऊन माजलाय.' म्हणजे पुन्हा गोठा. उचल म्हणजे आगाऊ रक्कम. आणि हिशोब विचारणारी त्याची बायको? ती 'आगाऊ'. आगाऊ पैसे देणारा तो मालक, आणि आगाऊ बोलणारी ती बाई. आगाऊ म्हणजे आपली जागा सोडून पुढे आलेली. इंग्रजीतला 'प्रिझम्प्च्युअस' हाही अगदी असाच घडलाय, लॅटिनमध्ये 'आधीच घेणे'. आपल्या वाट्याला यायच्या आत घेतलं म्हणून उद्धट. वाटा कोण ठरवतं, हे विचारणं म्हणजे तर डबल आगाऊपणा.

याच्याही पुढची एक गोष्ट आहे, ती म्हणजे शब्दच नसणं. माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून तिथे माणसाने ओढायच्या हातरिक्षा होत्या. घाटाच्या चढावर दोन-तीन माणसं पुढून-मागून रिक्षा ओढताहेत, ढकलताहेत, आणि आत आपण पर्यटक चिक्की खात बसलोय. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी वसलेल्या या गावात भाड्यावरून घासाघीस झाली की रिक्षावाला आणि घोडेवाला मुजोर ठरायचा. आत बसलेल्यासाठी मात्र आपल्या भाषेत कसलंही विशेषण नव्हतं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानुष आहे असं म्हणून सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करायचा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पुनर्वसन करायचा आदेश दिला. म्हणजे त्या बसण्याला नाव मिळायला न्यायालय लागलं. रोजची, रीतसर, पावतीसकट चालणारी हुकमत दांडगाई वाटतच नाही. जे रोजचं असतं ते 'सिस्टीम' असतं, आणि त्याला जो अडतो तो मुजोर.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा सगळ्या रिक्षावाल्यांना हुतात्मा करायला निघालाय. :) तसं नाही. खरोखरच मीटर वाढवून लावणारे आहेत, पेशंटला अर्ध्या रस्त्यात उतरवणारे आहेत. खाली असलेला प्रत्येक माणूस साधू नसतो. घरात दादा असलेला कचेरीत नोकर असतो, आणि कचेरीत नोकर असलेला घरी येऊन घरधनी होतो. त्या भट्टीवरच्या बाईवर हात उगारणारा तिचा नवराही मालकासमोर हात जोडून उभा असतो. त्यामुळे 'खालचा तो चांगला' असा सोपा नियम मी मांडत नाहीये. मला एवढंच म्हणायचंय की विशेषण उच्चारायच्या आधी आपण कुठे बसलोय ते बघावं, कारण विशेषण ते सांगत नाही. ते फक्त समोरच्याबद्दल काहीतरी सांगत असल्याचा आव आणतं.

याला एक छान अपवाद मला सापडला, 'अरेरावी'. या शब्दात काय आहे ते ऐकूच येतं, 'अरे'. समोरच्याला अरे-तुरे करणं. यात घोडा नाही, बैल नाही, जन्म नाही, जात नाही. एक कृती आहे. जो अरे म्हणेल त्याची ती अरेरावी, मग तो खिडकीच्या आतला असो की बाहेरचा.

शुक्रवारी संध्याकाळी एक्स्प्रेस वेवरच्या खालापूर टोलनाक्यावर हे रोज तपासून बघता येईल. फास्टॅगमध्ये पैसे नाहीत, मशीन वाचत नाही, मागे हॉर्न वाजताहेत. पांढऱ्या एसयूव्हीतला गृहस्थ काच खाली करून बूथमधल्या पोराला म्हणतो, 'ए, तू मला ओळखत नाहीस का?' तो पोरगा शांतपणे म्हणतो, 'नाही साहेब, पैसे भरा.' गाडीत बसलेली सगळी मंडळी एकमुखाने म्हणतात, 'किती मुजोर झालेत हे लोक!' आता 'मुजोर' ऐवजी 'अरेरावी' हा शब्द लावून बघा. अरे कोण म्हणालं? उत्तर लगेच मिळतं. पोरगा तर साहेब म्हणाला होता.

आपल्या ऑफिसात हीच चाचणी लावायला हवी असं मला वाटतं. आमच्या क्षेत्रात अप्रेझलच्या सीझनला बंद खोलीत जे शब्द उडतात ते नीट ऐका. खालच्या माणसासाठी 'डिफिकल्ट टू हँडल', 'अॅटिट्यूड प्रॉब्लेम', 'इनसबॉर्डिनेट'. हँडल म्हणजे हाताने धरून वळवणं, पुन्हा घोडाच. इनसबॉर्डिनेट म्हणजे लॅटिनमध्ये खालच्या रांगेत न राहणारा. त्याने नेमकं काय केलं हे त्यात कुठेच नाही. वरच्या माणसासाठी तेच वागणं 'ड्रिव्हन' होतं, 'पॅशनेट' होतं, 'टफ टास्कमास्टर' होतं. मुलगी असेल तर अजूनच पंचाईत. वर गेली की 'बॉसी', खाली राहिली की 'आगाऊ'. बॉस हा शब्द अमेरिकेत डचांकडून आला आणि 'मास्टर' म्हणायला नको म्हणून तिथल्या लोकांनी तो आपलासा केला, असं सांगतात. मालकाचं नाव बदललं की मालकी थोडी सौम्य वाटते. पण बॉसी होण्याचा मान मात्र बहुतेक बायकांनाच मिळतो.

याने काय बिघडतं? बरंच बिघडतं. समजा एका टेस्टरने शुक्रवारी रात्री रिलीजवर सही करायला नकार दिला. 'तीन टेस्ट केसेस फेल होताहेत, मी सही करणार नाही,' हे वाक्य तपासता येतं. फेल होत होत्या की नव्हत्या ते कुणीही लॉग उघडून बघू शकतो. पण फॉर्ममध्ये 'हेडस्ट्राँग' एवढाच शब्द गेला तर तो तपासता येत नाही. टेस्ट केसेस विसरल्या जातात, शब्द राहतो. पुढच्या वर्षीचा मॅनेजर तो वाचतो, तिसऱ्या वर्षीचाही वाचतो. कुणाची बढती, कुणाचा ऑनसाइट, कधी कुणाची नोकरी त्या एका शब्दावर अडते, आणि त्या माणसाला तो शब्द कळतही नाही. आणि टीममधल्या बाकीच्यांना योग्य तो धडा मिळतो, की शुक्रवारी रात्री सही करून टाकावी.

म्हणून माझं मत सरळ आहे. माणसाबद्दल लिहायचं तर क्रियापदात लिहावं, विशेषणात नाही. काय म्हणाला, कुणाला म्हणाला, कशाला नकार दिला, त्याचं कारण काय सांगितलं. मीटिंगमध्ये ओरडला असेल तर 'ओरडला' लिहा, तो त्याचा दोषच आहे. आणि तेच क्रियापद वरच्यालाही लावा. व्हीपी ओरडला तर 'पॅशनेट' नाही, 'ओरडला'. एवढं केलं तरी अर्धे मुजोर नाहीसे होतील, आणि काही नवीन, अनपेक्षित जागी सापडतील.

सोमवारी माझ्यापुढे अकरा फॉर्म आहेत. नेहमीसारखा ड्रॉपडाउन असणार, त्यात आयती विशेषणं. त्याखाली एक रिकामी चौकट असते, पाचशे अक्षरांची, बहुतेक लोक ती तशीच सोडतात. ती भरायला वेळ लागतो खरा, पण पाचशे अक्षरांत क्रियापदं भरपूर मावतात. तुमच्याही पुढे असतील असे फॉर्म, तर बघा जमतंय का.